संगीत स्ट्रीमर व घरगुती राउटर यांमधील बिनतारी जोडणीचे दोषनिवारण

संगीत स्ट्रीमर व घरगुती राउटर यांमधील बिनतारी जोडणीचे दोषनिवारण म्हणजे स्ट्रीमर या उपकरणाचा वाय-फाय राउटरशी संबंध जुळत नसेल, अडखळत असेल किंवा वारंवार तुटत असेल, तर त्याचे कारण क्रमाने शोधून ते दूर करण्याची पद्धत होय. गाणे मध्येच थांबणे, मोबाइलवरील अ‍ॅपला स्ट्रीमर न दिसणे, योग्य परवलीचा शब्द देऊनही जोडणी नाकारली जाणे आणि वीज जाऊन आल्यावर उपकरण मुके राहणे ही या दोषांची नेहमीची लक्षणे आहेत.

लक्षणे थोडी आणि कारणे पुष्कळ, हे या विषयाचे वैशिष्ट्य आहे. गाणे थांबले की इंटरनेटचा वेग अपुरा आहे असा निष्कर्ष सर्रास काढला जातो आणि अधिक महागडी योजना घेतली जाते. प्रत्यक्षात संगीताला वेग फार थोडा लागतो. त्याला लागते ते सातत्य. ते सातत्य बहुतेक वेळा राउटर आणि स्ट्रीमर यांच्यामधील काही फुटांच्या हवेत, किंवा त्या दोहोंच्या मांडणीतील एखाद्या बारीक विसंगतीत खंडित झालेले असते. अशा वेळी नवी योजना घेऊन उपयोग होत नाही.

## पार्श्वभूमी

विद्युतचुंबकीय लहरी तारेविना दूरवर जाऊन काम करू शकतात, हे भारतात जाहीर प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय जगदीशचंद्र बोस यांना जाते. १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी अतिलघू लांबीच्या लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. आजचे वाय-फाय याच लघुलहरींच्या कुळातील आहे. वाय-फायचे मूळ मानक ८०२.११ या क्रमांकाने १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. परवानामुक्त पट्ट्यात कोणालाही राखीव जागा नसते. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथचा ध्वनिवर्धक आणि आपला स्ट्रीमर यांचा त्यावर सारखाच अधिकार असतो. पुढे येणाऱ्या अनेक दोषांचे मूळ या समान अधिकारात आहे.

घरगुती वापराचे स्ट्रीमर एकविसाव्या शतकाच्या आरंभी आले. २००१ मधील स्लिम्पथ्री हे उपकरण तारेने जोडावे लागे. २००३ मध्ये आलेल्या स्क्वीझबॉक्समध्ये बिनतारी जोडणीची सोय झाली. २००५ मध्ये सोनोस कंपनीची उपकरणे आणि २०१५ मध्ये गूगलचे क्रोमकास्ट ऑडिओ बाजारात आले. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हौशी मंडळी स्वतःचा स्ट्रीमर तयार करू लागली. या उपकरणांचे आयुष्य राउटरपेक्षा बरेच मोठे असते. दहा-बारा वर्षांपूर्वीचा स्ट्रीमर आणि गेल्या वर्षी बसवलेला राउटर एकाच घरात नांदत असतात. दोघांच्या पिढ्यांतील हे अंतर काही दोषांना कारणीभूत ठरते.

## जोडणीची साखळी

दोष शोधण्यापूर्वी संगीत कोणत्या वाटेने येते हे समजून घेणे आवश्यक आहे. ही वाट तीन टप्प्यांची असते.

* पहिला टप्पा : सेवेपासून राउटरपर्यंत. संगीतसेवेच्या सर्वरवरून निघालेली माहिती फायबरच्या तारेने घरात येते, ओएनटी या पेटीत तिचे विद्युत्-संकेतांत रूपांतर होते आणि ती राउटरकडे जाते. अनेक घरांत ओएनटी व राउटर एकाच पेटीत असतात.
* दुसरा टप्पा : राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत. हा प्रवास हवेतून होतो. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हाच टप्पा आहे.
* तिसरा टप्पा : मोबाइलपासून स्ट्रीमरपर्यंत. मोबाइलवरील अ‍ॅप स्ट्रीमरला आज्ञा देते. ही आज्ञासुद्धा राउटरमार्फतच जाते.

तिसऱ्या टप्प्यात एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. काही पद्धतींत मोबाइल केवळ आज्ञा देतो आणि स्ट्रीमर संगीत थेट सेवेकडून मागवून घेतो. अशा वेळी मोबाइल बंद केला तरी गाणे चालू राहते. काही पद्धतींत मात्र संगीत आधी मोबाइलवर येते आणि मोबाइल ते स्ट्रीमरकडे पाठवतो. दुसऱ्या प्रकारात संगीत घरातल्या हवेतून अधिक वेळा जाते आणि मोबाइल राउटरपासून दूर गेला तरी गाणे अडखळते. म्हणून मोबाइल घेऊन परसात गेल्यावरच गाणे थांबत असेल, तर स्ट्रीमरला दोष देण्याचे कारण नसते.

## वेग आणि सातत्य

सीडीच्या दर्जाच्या संगीतात प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट, अर्थात सुमारे १.४ मेगाबिट. प्रतिसेकंद ३० मेगाबिटची साधी योजना याच्या एकवीसपट असते. २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ या उच्च दर्जाच्या ध्वनीलाही सेकंदाला ९२,१६,००० बिट, म्हणजे सुमारे ९.२ मेगाबिट पुरतात. आणि ध्वनी आकुंचित करून पाठवला जात असल्याने प्रत्यक्ष गरज याहून कमी असते.

माहिती थोडी उशिरा आली तरी गाणे थांबू नये, म्हणून स्ट्रीमर काही माहिती आगाऊ साठवून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. चार मेगाबाइटच्या बफरमध्ये सीडीच्या दर्जाचे, आकुंचित न केलेले संगीत सुमारे २३ सेकंद पुरते. तोच बफर वर सांगितलेल्या उच्च दर्जाच्या ध्वनीला साडेतीन सेकंदही पुरत नाही. त्यामुळे साधे गाणे नीट वाजते आणि उच्च दर्जाचे तेवढे अडखळते, असा अनुभव येतो. हे लक्षण बहुधा क्षणिक खंडांचे असते, एकूण वेगाच्या टंचाईचे नव्हे.

आकाशवाणीच्या थेट प्रसारणाची गोष्ट वेगळी आहे. जो ध्वनी अद्याप निर्माणच झालेला नाही तो फार आधी साठवता येत नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रिते सुरळीत वाजत असताना थेट प्रसारण तुटणे शक्य असते.

सातत्याचे महत्त्व संगीताच्या प्रकारानुसारही बदलते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. आज स्ट्रीमरवर एकच विलंबित ख्याल अर्धा तास चालतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) कोल्हापुरात स्थिरावले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी येथे रुजली. या गायकीतील लांब पल्ल्याच्या, एकात एक गुंफलेल्या स्वरावली समेपर्यंत अखंड ऐकल्या तरच त्यांचा आकार कळतो. चार मिनिटांच्या गीतात जो खंड एखाद्या वेळी जाणवत नाही, तो येथे ऐकणेच निष्फळ करतो.

## दोषांची कारणे

### अंतर, भिंती व धातू

राउटरपासून मिळणाऱ्या संकेताची तीव्रता डीबीएम या एककात मोजतात. ही संख्या ऋण असते आणि शून्याच्या जितकी जवळ तितका संकेत प्रबळ. साधारणतः उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत संगीतासाठी समाधानकारक, उणे ७५ च्या आसपास बेभरवशाचा आणि उणे ८० च्या पुढे निरुपयोगी मानतात. हे माप गुणोत्तराचे आहे : दर १० एककांच्या घटीला शक्ती एक-दशांश होते. उणे ४५ वरून उणे ७५ पर्यंतची घसरण म्हणजे शक्ती एक-सहस्रांश होणे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की शक्ती चतुर्थांश होते. भिंतींमुळे होणारी हानी त्याहून अधिक असू शकते. लाकडी फळी किंवा साधी काच लहरींना फारशी अडवत नाही. वीट, दगड व जाड मातीची भिंत बरीच अडवते. लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून जास्त. लोखंडी कपाट, पत्र्याचा दरवाजा, आरसा आणि पाण्याची टाकी हे मोठे अडथळे आहेत. पाणी लघुलहरी शोषून घेत असल्यामुळे पावसाळ्यात ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक अडथळा करते.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर असते. पहिली भिंतीपलीकडे अधिक चांगली पोहोचते, दुसरी अधिक माहिती वाहून नेते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी परस्परांना छेद देतात. अशा ठिकाणी ठेवलेला स्ट्रीमर वीतभर सरकवला तरी संकेत स्पष्टपणे सुधारू शकतो.

### लहरींची गर्दी

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल आहेत, परंतु ते एकमेकांवर चढलेले आहेत. परस्परांना न शिवणारे असे १, ६ व ११ हे तीनच चॅनेल नेहमी वापरले जातात. एकाच चॅनेलवरील दोन राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलांवरील राउटरांना मात्र परस्परांचे बोलणे केवळ गोंगाट म्हणून ऐकू येते. त्यामुळे शेजारी १ व ६ वर असताना आपण ३ हा मधला चॅनेल निवडणे हितकारक नसते. त्याने दोन्हींकडून व्यत्यय येतो.

मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. ब्लूटूथ याच पट्ट्यात असते. स्ट्रीमरला जोडलेली यूएसबी ३ प्रकारची हार्ड डिस्क व तिची तार यांतूनही या पट्ट्यात गोंगाट निर्माण होऊ शकतो. गाणे विशिष्ट वेळीच, उदाहरणार्थ स्वयंपाकाच्या वेळी किंवा रात्री सर्व शेजारी घरी असताना, अडखळत असेल, तर गर्दीचा संशय प्रथम घ्यावा.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल अधिक व गर्दी कमी असते. मात्र त्यातील काही चॅनेल रडारही वापरते. अशा चॅनेलवर जाण्यापूर्वी अनेक राउटर मिनिटभर कानोसा घेतात आणि रडारचा संकेत जाणवला की तो चॅनेल तत्काळ सोडतात. त्या वेळी जोडणी अकस्मात तुटते आणि थोड्या वेळाने आपोआप परत येते.

### नाव, परवलीचा शब्द व सुरक्षा

वाय-फायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए (२००३), डब्ल्यूपीए२ (२००४) व डब्ल्यूपीए३ (२०१८) अशी स्थित्यंतरे झाली. नवा राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल, तर जुना स्ट्रीमर जोडलाच जात नाही आणि परवलीचा शब्द चुकीचा असल्याचा भ्रामक संदेश दाखवू शकतो. डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांची संमिश्र व्यवस्था हा त्यावरचा उपाय होय.

अनेक स्ट्रीमर केवळ २.४ गिगाहर्ट्झ जाणतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्यास प्रथम जोडणीच्या वेळी मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि स्ट्रीमर सापडत नाही. जोडणीपुरती दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिल्यास ही अडचण टळते. राउटर १२ किंवा १३ या चॅनेलवर असल्यास अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी बनवलेल्या काही उपकरणांना तो दिसतच नाही.

मराठी वापरकर्त्यांनी आणखी एक मर्यादा जाणून घ्यावी. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा असते. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. म्हणून देवनागरी नाव दहा चिन्हांत बसावे लागते. ‘कोल्हापूर’ या शब्दाचीच नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट होतात. जुन्या स्ट्रीमरना असे नाव नीट वाचता येईलच असे नाही. डब्ल्यूपीए२ चा परवलीचा शब्द ८ ते ६३ चिन्हांचा असतो व त्यात रोमन अक्षरे, अंक आणि ठरावीक विरामचिन्हे हीच धरली जातात. नाव व परवलीचा शब्द साध्या रोमन अक्षरांत व अंकांत ठेवणे सर्वांत सुरक्षित ठरते.

### पत्त्याचा घोळ

राउटर प्रत्येक उपकरणाला डीएचसीपी या पद्धतीने तात्पुरता क्रमांकरूपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. स्ट्रीमरचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. एकच पत्ता दोन उपकरणांकडे गेल्यास दोन्हींची जोडणी आळीपाळीने तुटते. राउटरमध्ये स्ट्रीमरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणे हा यावरील साधा उपाय आहे.

### अ‍ॅपला स्ट्रीमर न दिसणे

अ‍ॅप घरातील सर्व उपकरणांना उद्देशून एक पुकारा करते आणि स्ट्रीमर त्याला ओ देतो. हा पुकारा एकाच जाळ्यापुरता मर्यादित असतो. पुढील परिस्थितींत तो स्ट्रीमरपर्यंत पोहोचत नाही :

* मोबाइल किंवा स्ट्रीमर यांपैकी एक पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असणे;
* सेवादात्याची राउटरसह ओएनटी आणि स्वतः विकत घेतलेला दुसरा राउटर अशी दोन जाळी घरात असणे, आणि मोबाइल एकावर तर स्ट्रीमर दुसऱ्यावर असणे;
* मोबाइल वाय-फायऐवजी मोबाइल डेटावर किंवा व्हीपीएनवर असणे;
* आयफोनमध्ये संबंधित अ‍ॅपला घरगुती जाळे वापरण्याची परवानगी दिलेली नसणे.

या प्रकारात संगीताची वाट सुरळीत असते. केवळ आज्ञेची वाट बंद असते.

### वीजपुरवठा व घड्याळ

वीज परत आल्यावर राउटर व स्ट्रीमर एकाच वेळी सुरू होतात. राउटरला सज्ज होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. स्ट्रीमर त्याआधीच शोध घेऊन निराश होतो आणि काही उपकरणे पुन्हा प्रयत्न करत नाहीत. रास्पबेरी पायच्या अनेक आवृत्त्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेल्यावर त्यांची वेळ मागे पडते आणि योग्य वेळ मिळेपर्यंत सुरक्षित जोडणी नाकारली जाते, कारण समोरच्या सर्वरचे प्रमाणपत्र त्यांना मुदतीबाहेरचे वाटते.

### घराबाहेरील दोष

मार्च २०२५ मध्ये जगभरातील दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही उपकरणे एकाएकी बंद पडली. त्यांतील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. राउटरचा काहीही दोष नव्हता. उपकरण मूळ स्थितीत आणू नये अशी सूचना गूगलने दिली होती. ज्यांनी उतावळेपणाने तसे केले, त्यांना दुरुस्ती उपलब्ध झाल्यावरही अधिक खटपट करावी लागली. दोष कोठे आहे हे ठरण्यापूर्वी उपाय करू नये, याचे हे बोलके उदाहरण आहे.

## निदानाचा क्रम

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. चार बदल एकदम केल्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आल्यावर सारे पुन्हा करावे लागते. दिनांक, वेळ व केलेला बदल यांची वहीत नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

१. पहिला टप्पा तपासावा. ओएनटीवरील लॉसचा दिवा लाल असेल तर फायबरमध्ये बिघाड आहे. तक्रार सेवादात्याकडे करावी. दिवा योग्य असेल तर मोबाइलचा डेटा बंद करून, वाय-फायवर तीच संगीतसेवा मोबाइलच्या स्वतःच्या ध्वनिवर्धकावर वाजवून पाहावी.

२. दुसरी सेवा लावून पाहावी. एकच सेवा अडखळत असेल आणि बाकीच्या वाजत असतील, तर घरातील जोडणी निर्दोष मानावी.

३. योग्य क्रमाने पुन्हा सुरू करावे. सर्व उपकरणे बंद करावीत. आधी ओएनटी, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, तीन मिनिटांनी स्ट्रीमर आणि शेवटी मोबाइलवरील अ‍ॅप असा क्रम ठेवावा.

४. तारेची कसोटी घ्यावी. स्ट्रीमरला इथरनेटची तार लावण्याची सोय असेल, तर तो राउटरला तारेने जोडून तासभर वाजवावा. गाणे अखंड चालले तर दोष हवेतील टप्प्यात आहे. तारेनेही तुटले तर तो स्ट्रीमर, सेवा किंवा बाहेरील जोडणी यांत आहे. सर्व कसोट्यांत ही सर्वाधिक निर्णायक आहे.

५. जवळ आणून पाहावे. तारेची सोय नसल्यास स्ट्रीमर राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये भिंत न येता ठेवून वाजवावा. येथे नीट वाजल्यास कारण अंतर किंवा भिंत आहे. येथेही जोडलाच जात नसल्यास नाव, सुरक्षा किंवा पत्ता यांकडे वळावे.

६. संकेत मोजावा. स्ट्रीमरच्या जागी मोबाइल धरून वाय-फाय मोजणाऱ्या अ‍ॅपने तीव्रता व आसपासचे चॅनेल पाहावेत. स्ट्रीमरचे स्वतःचे पान संकेताचा आकडा दाखवत असेल तर तोच ग्राह्य धरावा, कारण मोबाइलचा अँटेना व स्ट्रीमरचा अँटेना सारखे नसतात.

७. स्ट्रीमरकडून येणाऱ्या उत्तराची नियमितता पाहावी. संगणकावरून स्ट्रीमरला पिंग ही चाचणी काही मिनिटे द्यावी. उत्तरे काही मिलिसेकंदांत, सारख्या अंतराने येत असतील तर टप्पा निरोगी आहे. मध्येच शेकडो मिलिसेकंद लागणे किंवा उत्तरच न येणे हे गर्दीचे वा दुर्बळ संकेताचे चिन्ह होय.

## उदाहरण : जाड भिंतींचे घर

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील घरांची रचना या विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर व परस अशी लांबट मांडणी आणि काळ्या दगडाच्या वा मातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती. फायबरची तार रस्त्याकडून येत असल्याने राउटर सोप्यात, बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात बसवला जातो. गाणे ऐकण्याची जागा माजघरात असते.

समजा, अशा घरात सोप्यातील तीव्रता उणे ४५ आणि माजघरात लोखंडी कपाटामागे उणे ७८ भरली. मोबाइलवर वेग मोजला असता सोप्यात ५० मेगाबिट दिसतात आणि योजना उत्तम असल्याची खात्री पटते. परंतु ते माप स्ट्रीमरच्या जागेचे नसते. येथे १०० मेगाबिटची योजना घेतल्याने भिंतीतून जाणाऱ्या संकेतात एका एककाचाही फरक पडत नाही. राउटर भिंतीतील दाराच्या रेषेत, छातीच्या उंचीवर आणला आणि स्ट्रीमर कपाटामागून काढून दाराकडील बाजूस ठेवला, तर लहरींना दगडाऐवजी दाराची मोकळी वाट मिळते. खर्च न करता करता येणारा हा पहिला उपाय होय. तेवढ्याने न भागल्यास दाराच्या चौकटीवरून तार नेणे हा कायमचा मार्ग आहे.

लागून लागून असलेल्या घरांत शेजाऱ्यांचे राउटरही हाकेच्या अंतरावर असतात. जाड भिंत त्यांचा गोंगाट काही अंशी अडवते. परंतु वरच्या मजल्यावरील पातळ विटांच्या खोलीत ती सोय नसते. त्यामुळे एकाच घरात तळमजल्यावर दोष भिंतीचा आणि माडीवर गर्दीचा असे घडू शकते, आणि एका खोलीत लागू पडलेला उपाय दुसरीत लागू पडत नाही.

## उपाय

* तार. इथरनेटच्या तारेची मर्यादा १०० मीटर असल्याने घरगुती अंतर सहज झाकले जाते. स्ट्रीमर एकाच जागी राहणारे उपकरण असल्याने तार हा त्याला सर्वांत योग्य उपाय ठरतो.
* जागा. राउटर उंचावर, घराच्या मध्याजवळ, कपाट, आरसा व टाकी यांपासून दूर ठेवावा. स्ट्रीमर अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीवर किंवा तिच्यामागे ठेवू नये.
* चॅनेल व रुंदी. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. जवळच्या अंतरासाठी, स्ट्रीमरला शक्य असल्यास, ५ गिगाहर्ट्झ वापरावे.
* मेश किंवा रिपीटर. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकून पुन्हा बोलत असल्याने क्षमता निम्मी होते. संगीताला तेवढी पुरते, मात्र रिपीटर जेथे चांगला संकेत मिळतो अशा मधल्या जागी ठेवावा. दुर्बळ संकेताच्या खोलीत ठेवलेला रिपीटर दुर्बळ संकेतच पुढे पाठवतो.
* अखंड वीज. ओएनटी व राउटर यांच्यासाठी छोटा यूपीएस बसवल्यास वीज गेल्यानंतर क्रमाने सुरू करण्याची वेळच क्वचित येते.
* अद्ययावतता. राउटर व स्ट्रीमर यांची अंतर्गत प्रणाली अद्ययावत ठेवावी. मात्र अद्ययावतीकरण सुरू असताना वीज तोडू नये.

## टाळावयाच्या गोष्टी

जोडणी सोपी व्हावी म्हणून वाय-फायचा परवलीचा शब्द काढून टाकू नये. त्याने दोष तर जात नाहीच, शिवाय घरातील सर्व उपकरणे उघडी पडतात. वाय-फायचे नाव लपवल्याने सुरक्षा फारशी वाढत नाही आणि जुन्या स्ट्रीमरना मात्र ते सापडेनासे होते. उपकरण मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा उपाय समजावा व त्यापूर्वी सर्व मांडणी लिहून ठेवावी.

नवी योजना, नवा राउटर किंवा नवा स्ट्रीमर यांवर खर्च करण्यापूर्वी तारेची कसोटी अवश्य घ्यावी. तारेने अखंड वाजणारा स्ट्रीमर निकामी नसतो, आणि तीच जोडणी वापरून ते संगीत आणणारी योजनाही अपुरी नसते. ज्येष्ठ श्रोत्यांच्या घरी हे विशेष लक्षात घ्यावे : तंत्रज्ञ येऊन जातो, सोप्यात वेग मोजून समाधान व्यक्त करतो आणि माजघरातले गाणे पूर्ववत तुटत राहते. तंत्रज्ञाला स्ट्रीमरच्या जागी बोलावून तेथील संकेत मोजायला सांगणे हा ग्राहकाचा रास्त आग्रह आहे.

## हे सुद्धा पहा

* वाय-फाय
* राउटर
* ब्लूटूथ
* जगदीशचंद्र बोस
* जयपूर-अत्रौली घराणे